खोल समुद्रात जाणारी शिडाची बोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते एकदाच इथे मांडले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिलाय. विचारणाऱ्यांची नावं काढलीत, भाषा शक्यतो त्यांचीच ठेवलीय.

१. आम्ही घाटावरची माणसं. समुद्र बघायचा तर चोर्ल्यातून खाली उतरावं लागतं. आमचा या बोटींशी काय संबंध?

खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई पुढे गोव्यात मांडवी होते. तिचंच नाव घेऊन ‘म्हादेई’ ही नौदलाची ५६ फुटी शिडाची बोट गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधली गेली आणि २००९ मध्ये नौदलात आली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने, वाटेत थांबे घेत पृथ्वीप्रदक्षिणा केली. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता केली. तिच्याच आराखड्यावर बांधलेल्या ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. कळसा-भंडुराच्या पाण्याच्या भांडणात नदीचं नाव रोज पेपरात येतं, पण ते सगळ्यात लांब नेलं ते या बोटीने.

२. खोल समुद्राची बोट आणि पणजीला मांडवीत नांगरलेली चकचकीत यॉट, यात फरक काय?

वरून बघितलं तर फारसा नाही. फरक आत गेल्यावर कळतो. किनाऱ्यालगतच्या बोटीत केबिन हॉलसारखी मोकळी असते, खिडक्या मोठ्या, मागे बसायची जागा ऐसपैस. बंदरात ती छान वाटते. तीच बोट तीस अंश कलली की मोकळ्या केबिनमध्ये माणूस एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो, कारण मधे धरायला काही नसतं.

लांब पल्ल्याच्या बोटीत दर पावलाला हात पोचेल असा आडवा दांडा असतो. स्वयंपाकाची शेगडी झुलती असते, म्हणजे बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं. तिच्यासमोर कमरेला अडकवायचा पट्टा असतो, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. झोपायच्या बाकांना कापडी आडोसा बांधतात, नाहीतर झोपलेला माणूस खाली पडतो. मागची बसायची जागा लहान आणि पाणी बाहेर टाकणारी भोकं मोठी, कारण ती जागा लाटेने भरली तर टनभर पाणी मागच्या टोकाला बसतं. आत उतरायच्या दाराचा उंबरठा उंच असतो. जी यॉट दाखवायला काढली आहे तिचा उंबरठा बघा, अर्धा अंदाज तिथेच येतो.

३. अशी बोट ताशी किती जाते?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरीच कमी. पाण्यात बसून चालणाऱ्या बोटीला स्वतःच उठवलेल्या लाटेची मर्यादा असते. पाणरेषेची (बोट पाण्यात जिथपर्यंत बसते त्या रेषेची) लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा; येईल तो साधारण कमाल वेग, नॉटमध्ये. पाणरेषा २५ फूट असेल तर ६.७ नॉट, २८ फूट असेल तर ७.१, ३६ फूट असेल तर ८. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे २८ फूटवालीचा कमाल वेग ताशी १३ किलोमीटरच्या आसपास.

हलक्या, मागे सपाट-रुंद बोटी लाटेवर स्वार होऊन ही मर्यादा ओलांडतात. पण महिनाभराचं सामान भरलं की त्यांचीही ती हौस बरीचशी फिटते (प्रश्न ५).

प्रवासात कमाल वेग नव्हे, सरासरी मोजतात. सरासरी साडेपाच नॉट राखली तर चोवीस तासांत १३२ सागरी मैल, म्हणजे २४४ किलोमीटर होतात. दिवसरात्र न थांबता चालते, म्हणून एवढं अंतर कापलं जातं.

४. किती फुटी घ्यावी?

दोघांसाठी ३४ ते ४२ फूट. लांबी वाढली की वेग थोडा वाढतो, पण शिडाचं क्षेत्रफळ, दोरांवरचा ताण, नांगराचं वजन आणि खर्च त्याहून बराच वाढतो. रात्री तीन वाजता एकट्याने शीड आवरता येत नसेल तर बोट मोठी झाली असं समजा. ‘म्हादेई’ ५६ फुटी असून एकट्याने चालवली, हे खरं. चालवणारे नौदलाचे कसलेले अधिकारी होते, हेही खरं.

५. ब्रोशरमध्ये गुणोत्तरं देतात. त्यावरून बोट चांगली की वाईट ठरवता येते का?

नापसंत करायला ती उपयोगी, पसंत करायला अपुरी. एक बोट घेऊन करून बघू. पाणरेषा २८ फूट, रुंदी ११ फूट, वजन ७ टन, शीड ६०० चौरस फूट.

पहिला आकडा वजन आणि लांबीचा. वजन लाँग टनांत (२,२४० पौंडांचा एक) घ्यायचं आणि पाणरेषेच्या शंभराव्या भागाच्या घनाने भागायचं. आपल्या बोटीचं उत्तर ३१४ येतं. १०० च्या खाली अति हलकी, २०० ते ३०० मध्यम, त्यावर जड. जड बोट लाटेत सावकाश हलते, अंगाला कमी त्रास देते, आणि मंद वाऱ्यात कंटाळा आणते.

दुसरा शीड आणि वजनाचा. वजन पौंडांत घेऊन ६४ ने भागा, त्याचं घनमूळ काढून वर्ग करा, त्याने शिडाच्या क्षेत्रफळाला भागा. आपला आकडा १५.५. प्रवासी बोटी साधारण १५ ते १८ मध्ये असतात.

तिसरा उलटण्याच्या शक्यतेचा. रुंदीला त्याच घनमुळाने भागायचं. उत्तर २ पेक्षा कमी हवं. आपलं १.७७. पास.

आता खरी गंमत. ब्रोशरमधले ७ टन रिकाम्या बोटीचे. पाणी, डिझेल, साखळी, धान्य, हत्यारं, सुटे भाग, बॅटऱ्या आणि माणसं मिळून दीड टन सहज चढतो (प्रश्न ६). साडेआठ टन धरून पुन्हा मांडा. पहिला आकडा ३८० च्या आसपास जातो, म्हणजे मध्यमच्या काठावरची बोट चांगलीच जड झाली. दुसरा १५.५ वरून १३.६ वर येतो, म्हणजे मंद वाऱ्यात इंजिन सुरू करायची पाळी. (वजनाने पाणरेषेची लांबीही जराशी वाढते, ती सोडून दिलीय.) आणि तिसरा १.७७ वरून १.६६ वर येतो, म्हणजे सूत्राच्या मते सामान कोंबल्यावर बोट जास्त सुरक्षित झाली!

असं होतं कारण त्या सूत्राला फक्त रुंदी आणि वजन कळतं. वजन तळाशी आहे की छपरावर, हे कळत नाही. डेकवर डिझेलचे कॅन, छोटी होडी, सौर पॅनेलचा सांगाडा बांधला तरी आकडा सुधारतच जातो. चिकोडी-निपाणी रस्त्यावर उसाची ट्रॉली वळताना ज्याने बघितलीय, त्याला वरच्या वजनाचं वेगळं सांगायला नको. विकणाऱ्याने १.६ म्हणून कौतुकाने सांगितलं तर ‘बॅलास्ट, म्हणजे तळाचं वजन, किती आणि किती खोल?’ एवढं विचारा.

६. दीड टन सामान होतं तरी कसलं?

दोन माणसं, तीस दिवस, माणशी रोज चार लिटर पाणी: २४० लिटर, म्हणजे २४० किलो. डिझेल २०० लिटर: १७० किलोच्या आसपास. नांगराची १० मिलिमीटरची साखळी ६० मीटर: जवळपास १४० किलो, आणि तीही बोटीच्या नाकात. जादा नांगर, दोर, शिडं, जीवरक्षक तराफा, बॅटऱ्या, हत्यारांच्या पेट्या, पुस्तकं, भांडी यांची बेरीज तुम्हीच करा. पाचव्या प्रश्नातली बोट दर १७० किलोला अंदाजे एक सेंटीमीटर बसते. दीड टनाने ती ९ सेंटीमीटर खाली गेलेली असते, रंगवलेली पट्टी पाण्याखाली.

समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र बसवलं तर टाक्या लहान चालतात. पण ते बिघडतं, म्हणून किनारा गाठेपर्यंत पुरेल एवढं पाणी वेगळं ठेवायचंच.

७. बोट उलटली तर सरळ होते का?

तळाला वजन असलेली, दारं बंद असलेली बोट व्हायला हवी. कुठल्या कलापर्यंत ती स्वतःहून परत उठते त्या कोनाला महत्त्व आहे. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळात १५ दर्यावर्दी गेले, आणि त्यानंतर या कोनाचा नीट अभ्यास सुरू झाला. दिसलं असं की रुंद, हलक्या, वजन वर असलेल्या बोटी सरळ असताना घट्ट उभ्या राहतात, पण एकदा पालथ्या झाल्या की पालथ्याही तितक्याच घट्ट राहतात.

आजच्या आंतरराष्ट्रीय मानकात ‘अ’ वर्ग म्हणजे ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या मापावर ८ च्या वरचा वारा आणि ४ मीटरच्या वरच्या लाटा. त्यासाठी हा कोन किमान १३० उणे वजनाच्या (टनांत) दुप्पट इतके अंश लागतो, आणि कधीही १०० च्या खाली चालत नाही. सात टनी बोटीला ११६. माझं मत विचाराल तर लांब जायला १२० च्या खाली बघूच नये. कागदावरचा ‘अ’ वर्ग ही खालची पायरी आहे. आणि इथेही तोच प्रश्न विचारायचा: हा कोन रिकाम्या बोटीचा की भरलेल्या?

नुसत्या वाऱ्याने बोट उलटत नाही, आडवी बसलेली फुटती लाट उलटवते. मॉडेलवरच्या चाचण्यांत बोटीच्या लांबीच्या ३० टक्के उंचीच्या लाटेने काही बोटी उलटल्या, ६० टक्के उंचीच्या लाटेपुढे एकही टिकली नाही. म्हणून वादळात बोट लाटेला आडवी होऊ न देणं हेच मुख्य काम (प्रश्न १२).

८. उद्यमबागेत आमची फाउंड्री आहे. कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचं वजनदार पातं, बिडाची ओतावी की शिशाची?

हा प्रश्न आला तेव्हा मजा वाटली, कारण या गावात तो यायलाच हवा. शिशाची घनता ११.३, बिडाची ७.२ च्या आसपास. तेवढंच वजन शिशात कमी जागेत आणि जास्त खाली बसतं. शिसं गंजत नाही, खडकावर आपटलं तर दबतं आणि धक्का खातं. बीड स्वस्त आणि कडक, पण रंग उडाला की गंजतं, आणि आपटल्यावर सगळा धक्का वर, बोटीच्या तळाकडे पाठवतं. पैसे असतील तर शिसं.

पण ओतकामापेक्षा जोडकाम महत्त्वाचं. २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ नावाची बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि चौघे गेले. बोल्टने लावलेली कील कधीही जमिनीला लागलेली असेल तर आतला सांगाडा तपासल्याशिवाय बोट घेऊ नये. बाहेरून ओरखडाही दिसत नाही, आतल्या आडव्या पट्ट्यांचा चिकटा मात्र सुटलेला असू शकतो.

९. इथे चांगले वेल्डर आहेत. स्टीलची ३६ फुटी बोट बेळगावातच बांधून खाली नेली तर?

बांधता येईल, नेताना रडाल. बोटीची रुंदी साडेतीन मीटरच्या घरात जाते आणि रस्त्यावरच्या वाहनाला रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. म्हणजे खास परवानगी, खास ट्रेलर आणि घाटातली वळणं. चोर्ला, अनमोड, आंबोली, कुठूनही उतरा, झाडाच्या फांद्या आणि समोरून येणारा ट्रक आहेच.

त्यापेक्षा हल (बोटीचं मूळ धड) किनाऱ्यावर बांधा आणि सुटे भाग इथून करून न्या: टाक्या, रेलिंगचे खांब, डोलकाठीचे ताण घेणाऱ्या पट्ट्या, नांगराचा रोलर. यातलं काम बेळगावात उत्तम होतं. स्टेनलेस ३०४ नको, ३१६ मागा. पट्टी डेकमधून जिथे आरपार जाते तिथे ओल अडकते, हवा पोचत नाही आणि स्टेनलेससुद्धा आतून कुरतडलं जातं. ती पट्टी काढून बघता येईल अशी बसवा.

स्टील की फायबर की अॅल्युमिनियम? स्टील दणकट, कुठल्याही बंदरात दुरुस्त होतं, पण जड आणि आतून गंजतं. अॅल्युमिनियम हलकं, चांगल्या सागरी मिश्रधातूला रंगाचीही गरज नाही. त्याला तांबंयुक्त रंग मात्र लावायचा नाही, धातू खाल्ला जातो. फायबर सगळ्यात सोपं. ‘म्हादेई’ लाकडी पट्ट्यांच्या गाभ्यावर फायबर ग्लास चढवून केलेली आहे.

१०. डोलकाठी एक की दोन? शिडं किती?

एक डोलकाठी, पुढे दोन शिडांची सोय, मागे एक मोठं शीड: दोघांना हे पुरतं. वारा वाढला की पुढचं मोठं गुंडाळायचं, आतलं लहान ठेवायचं, वजन बोटीच्या मध्याकडे येतं. दोन डोलकाठ्यांत प्रत्येक शीड लहान आणि हाताळायला सोपं, पण दोर आणि देखभाल जास्त.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: १५ नॉटचा ३० झाला की दाब चौपट. म्हणून मोठ्या शिडाला तीन टप्प्यांत लहान करायची सोय हवीच. डोलकाठी तोलून धरणाऱ्या तारा साधारण दहा वर्षांनी बदलतात, दिसायला चांगल्या असल्या तरी.

११. चोवीस तास सुकाणू धरून कोण बसतं?

कुणीच नाही. मागे बसवलेलं वाऱ्यावर चालणारं यंत्र बोटीचा वाऱ्याशी कोन राखतं आणि त्याला वीज लागत नाही. वारा पाठीमागून आणि मंद असला की ते भरकटतं, तेव्हा विजेवरचा ऑटोपायलट कामी येतो. लांब जाणाऱ्याने दोन्ही ठेवावेत. मूळ बोटच समतोल नसेल तर मात्र दोन्ही दमतात, आणि पुढच्या टोकाला जास्त वजन भरलं की चांगली बोटही समतोल सोडते.

१२. वादळात बोट थांबवून ठेवता येते का?

येते, आणि शिकायलाच हवी अशी ही पहिली गोष्ट. पुढचं शीड उलट्या बाजूला ताणायचं, मागचं लहान करून ओढायचं, सुकाणू वाऱ्याकडे वळायच्या बेताने बांधायचं. बोट जवळपास जागेवर, तिरकी, शांत राहते. चहा करता येतो. लांब कीलच्या बोटी हे आपसूक करतात. आखूड, खोल कीलच्या बोटींना जमतं, पण आधी कमी वाऱ्यात सराव करून जुळवून घ्यावं लागतं.

लाटा फुटायला लागल्या की हे पुरत नाही. मग मागून लांब दोर सोडतात, त्याला शंभराहून जास्त कापडी शंकू शिवलेले असतात. ते बोटीला मागून धरून ठेवतात आणि लाट पाठीवर घ्यायला लावतात. त्याचा ताण प्रचंड असतो, म्हणून तो बांधायच्या कड्या बोट बांधतानाच मजबूत करतात.

१३. सुकाणू कुठल्या प्रकारचं बरं? ऑर्का बोटी फोडतात म्हणे?

कीलच्या मागे जोडलेलं किंवा पुढे आधार असलेलं सुकाणू धक्का सोसतं. मोकळं लोंबणारं सुकाणू बोट चटकन वळवतं, पण त्याचा सगळा भार एका दांड्यावर. स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर २०२० पासून ऑर्का सुकाणूंना ढुशा देतायत, काही बोटी बुडाल्याही, हे खरं आहे. अरबी समुद्रात निघणाऱ्याने त्याची नाही, तरंगत्या जाळ्यांची काळजी करावी. मोकळ्या सुकाणूत आणि पंख्यात जाळं हमखास अडकतं. सुकाणू गेलं तर पर्याय काय, हे निघण्याआधी पाण्यात करून बघायचं.

१४. दोन हलांची, म्हणजे कॅटमरान, जास्त सुरक्षित ना? ती कलतच नाही.

कलत नाही, वेगाने जाते, आत जागा भरपूर. पण तळाला वजन नसल्यामुळे सातव्या प्रश्नातलं ‘परत उठणं’ तिला लागूच होत नाही. उलटली की उलटीच राहते. चांगली बांधलेली असेल तर तरंगते मात्र. तिची खरी अडचण वेगळी: वजन तिला अजिबात सोसत नाही. जागा आहे म्हणून सामान भरत जातात, मधला पूल लाटांना आपटायला लागतो आणि ज्या वेगासाठी घेतली तोच जातो.

१५. पावसाळ्यात गोव्याहून निघता येईल का?

नाही. जून ते ऑगस्ट नैऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर येतो, लाटा मोठ्या, नद्यांच्या मुखांवर पाणी फुटतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. या काळात बोट वर काढून तळ घासा.

१६. जुनी, लांब कीलची बोट घ्यावी की नवी?

या वादात दोन्ही बाजू गोल्डन ग्लोब या एकट्याने जग फिरायच्या शर्यतीचा दाखला देतात. तिथे ३२ ते ३६ फुटी, लांब कीलच्या आणि १९८८ च्या आधीच्या आराखड्याच्याच बोटी चालतात. २०१८ च्या शर्यतीत अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरात उलटली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर दुखापत झाली. फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना वाचवलं. पुढच्या शर्यतीत तेच ३६ फुटी ‘बायानात’वरून २०२३ मध्ये दुसरे आले. लांब कील असूनही पहिली उलटली, आणि लांब कील असलेलीच दुसरी सगळं जग फिरून आली.

जुन्यात तारांचं वय, कीलचे बोल्ट, सुकाणूच्या दांड्याचं ढिलेपण आणि डेकच्या गाभ्यात शिरलेलं पाणी बघा. डेकवर छोट्या हातोडीने टकटक करत जा, आवाज भद्द आला तिथे आत ओल आहे. नव्यात भरलेल्या वजनाचे आकडे लेखी मागा. आणि फोटो पाठवून ‘घेऊ का?’ विचारू नका. फोटोत डेकचा आवाज येत नाही.